‘प्रतिकारशक्ति’ : एका शब्दाची परीक्षा

टीकाकारानें पुस्तकांचीच परीक्षा करावी असा समज आपल्याकडे रूढ आहे. आमच्या मतें कित्येक शब्दहि तितक्याच कठोर परीक्षेस पात्र असतात. पुस्तक हातीं घेणारे थोडे. शब्द मात्र न वाचणाऱ्यांच्याहि तोंडीं बसतो, आणि तो दिशाभूल करणारा असला तर त्याची किंमत कधीं कधीं शरीरानें द्यावी लागते. अशाच एका शब्दाचा विचार आज येथें कर्तव्य आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रतिकारशक्ति’.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों तो एका घरगुती प्रसंगामुळें. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील कोंढा हें आमचें गांव. आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका वयस्क बाईंस आमवातानें गांठलें. सकाळीं बोटें तासतासभर वळत नसत. धानाच्या रोवणीला जाणें सुटलें, पुढें भाकरी थापणेंहि सुटलें. डॉक्टरांनीं त्यांना मेथोट्रेक्सेट नांवाची, आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची गोळी दिली. कांहीं महिन्यांनीं सूज उतरली, हात चालूं लागले. इतक्यांत कोणीं तरी त्यांना सांगितलें कीं, ही गोळी प्रतिकारशक्ति कमी करते. बाईंनीं गोळी बंद केली. आम्ही कारण विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “ज्या गोळीनं आंगातली शक्तीच जाते, ते गोळी मी कायले खाऊ, भाऊ?”

ह्या प्रश्नांत तर्काचा दोष नाहीं. शब्दाचा जो अर्थ उघड दिसतो तोच बाईंनीं घेतला. दोष शब्दाचा आहे, आणि तो शब्द फारसा विचार न करितां वापरणाऱ्या आम्हां लिहिणाऱ्यांचा आहे.

‘शक्ति’ ही आपल्या भाषेंत नेहमीं हवीशी वाटणारी वस्तु आहे. बुद्धि, स्मरण, पचन, ह्यांपैकीं कशाच्याहि पुढें हा शब्द जोडला कीं ती गोष्ट जितकी अधिक तितकी चांगली, असा ग्रह आपोआप होतो. शक्ति अति झाली म्हणून वैद्याकडे कोणी जात नाहीं. सन २०२० व २०२१ च्या साथींत हा ग्रह कळसास पोंचला. प्रतिकारशक्ति वाढविणारे काढे, चूर्णें, गोळ्या व सरबतें ह्यांच्या जाहिरातींनीं वर्तमानपत्रें भरून गेलीं. औषधांच्या दुकानांवर, किराण्याच्या पुड्यांवर तोच एक शब्द. साथ ओसरली, पण शब्द राहिला. ‘किती वाढवावी?’ हा साधा प्रश्न त्या सगळ्या गदारोळांत क्वचितच कोणी विचारला असेल.

शब्दाबरोबर एक रूपकहि रुजलें आहे. आरोग्यावरील मराठी लेख उघडून पाहावा. शरीर म्हणजे किल्ला, रोगजंतु म्हणजे शत्रु, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी म्हणजे तटावर पहारा देणारे शिपाई. गडकोटांच्या मुलखांत हें रूपक लोकप्रिय व्हावें ह्यांत नवल नाहीं. त्याचे उपकारहि आम्ही नाकारीत नाहीं. सन १८९७ च्या जानेवारींत मुंबईंत हाफकिननें प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्या काळीं लशीला भिणाऱ्या माणसाला समजवावयाचें तर शिपायांच्या कवाइतीहून सोपा दृष्टांत सांपडता ना. लस म्हणजे शत्रूची ओळख आधींच करून देणें, ही कल्पना पुष्कळ अंशीं खरीहि आहे. ज्या रूपकानें लोकांना लस घ्यावयास लाविलें त्याची निव्वळ थट्टा करणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु कोणत्याहि रूपकाची खरी परीक्षा तें जेथें ताणलें जातें तेथें होते. शिपाई आपल्याच घरांत शिरून आपलीच माणसें कापूं लागले तर काय म्हणावयाचें? मराठींत ह्यास ‘स्वयंप्रतिकार’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे, आणि तो तर मूळ शब्दाहून अधिक फसवा आहे. स्वयंपाक, स्वयंसेवक, स्वयंशिक्षण ह्या ओळखीच्या शब्दांच्या रांगेंत तो बसविला कीं ‘स्वतःच केलेला प्रतिकार’ असा एखादा सद्गुणच वाटतो. वस्तुतः त्याचा अर्थ ‘स्वतःवरच उलटलेला प्रतिकार’ असा आहे. भयंकर गोष्टीस इतकें सोज्ज्वळ नांव क्वचितच मिळालें असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पाउल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञासहि शरीर असें कांहीं करील हें जवळजवळ अशक्य वाटलें होतें. स्वतःस विष देण्याची शरीरास भीति असते, असें त्याचें प्रतिपादन होतें. पुढें अनुभवानें दाखविलें कीं ही भीति असते खरी, पण ती कधीं कधीं सुटते. आमवात, लहान वयांत येणारा मधुमेह, मज्जातंतूंचे व त्वचेचे कित्येक विकार, हे तिच्या सुटण्याचेच परिणाम होत. ह्या सर्वांचें बरेचसें ज्ञान आपल्याला प्रयोगशाळेंतील उंदरांनीं दिलें आहे. म्हणून शब्दाची परीक्षा करावयाची तर उंदरांच्या पिंजऱ्यांकडे गेलें पाहिजे. आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको.

पुण्यास विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथें डॉ. मोहन वाणी व त्यांचे सहकारी ह्यांनीं उंदरांतील आमवातावर अनेक वर्षें काम केलें. उंदराला हा रोग मुद्दाम आणावा लागतो. सांध्याच्या कूर्चेंत कोलॅजन नांवाचें एक प्रथिन असतें; दुसऱ्या प्राण्याच्या कूर्चेंतून काढलेलें तें प्रथिन, तेलांत घोटून व त्यांत मृत क्षयजंतु मिसळून, उंदरास टोंचतात. मृत जंतूंमुळें प्रतिकार चवताळतो, परक्या कोलॅजनवर तुटून पडतो, आणि मग आपल्या सांध्यांतील तशाच कोलॅजनवरहि. तीन-चार आठवड्यांत उंदराचे पंजे सुजतात, हाडें झिजतात. म्हणजे येथें रोग उत्पन्न होतो तो शक्ति कमी पडल्यामुळें नव्हे. ती मुद्दाम चेतविल्यामुळें होतो. जाहिरातींच्या भाषेंत बोलावयाचें तर ह्या उंदराची प्रतिकारशक्ति उत्तम रीतीनें ‘वाढविलेली’ असते.

ह्या उंदरांना पुण्याच्या मंडळींनीं इंटरल्यूकिन-३ हें द्रव्य दिलें. तें शरीरांतच तयार होणारें, पेशींनीं पेशींना पाठविलेल्या निरोपासारखें एक प्रथिन आहे. सन २००९ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं ह्यामुळें उंदरांतील सांधेदाहास प्रतिबंध होतो व हाडांचा क्षय थांबतो. सन २०११ च्या निबंधांत त्याचें एक कारण त्यांनीं पुढें मांडलें. रोगी उंदरांच्या थायमस ग्रंथींत, प्लीहेंत व लसिकाग्रंथींत एका विशिष्ट जातीच्या पेशी घटल्या होत्या. ह्या द्रव्यानें त्या पुनः वाढल्या. ह्या पेशींचें काम लढण्याचें नाहीं. लढणाऱ्यांना आवरण्याचें आहे. दाह वाढविणारीं द्रव्यें त्याबरोबर उतरलीं व दाह शमविणारें एक द्रव्य चढलें.

हा शोध ज्या मोठ्या शोधाच्या शाखेंत मोडतो त्याचा इतिहासहि उंदरांचाच आहे. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशीं उंदराची थायमस ग्रंथि काढून टाकली तर प्रतिकार दुर्बळ व्हावा, अशी सरळ अपेक्षा. कारण टी-पेशी तेथेंच तयार होतात. प्रत्यक्षांत तो बेफाम झाला, आणि उंदरांचे स्वतःचेच अवयव नासूं लागले. जपानच्या शिमोन साकागुची ह्यांनीं ह्या कोड्याचा पिच्छा पुरविला. त्याच जातीच्या निरोगी उंदरांतील टी-पेशी घातल्या कीं रोग टळतो, हें त्यांनीं पाहिलें. आणि सन १९९५ मध्यें त्यांतील आवरणाऱ्या पेशी कोणत्या हें ओळखून दाखविलें. दुसऱ्या बाजूस अमेरिकेंत मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल हे एका निराळ्याच उंदराचा शोध घेत होते. सन १९४० नंतरच्या दशकांत टेनेसी संस्थानांतील ओक रिज येथें खपल्या धरलेल्या कातडीचे, फुगलेल्या प्लीहेचे कांहीं नर उंदीर आपोआप जन्मले होते. ते थोड्या आठवड्यांतच मरत. सन २००१ मध्यें ह्या दोघांनीं त्यांतील बिघडलेलें जनुक शोधून काढलें, आणि तेंच जनुक बिघडल्यानें माणसांच्या मुलांतहि तसाच घातक रोग होतो हें दाखविलें. हे दोन्ही धागे पुढें जुळले: आवरणाऱ्या पेशी घडविणारें जनुक तेंच होतें. ह्या तिघांना सन २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां वाचकांनींच विचार करावा. निसर्गानें लढण्यासाठीं जशा पेशी ठेविल्या तशाच आवरण्यासाठींहि ठेविल्या, आणि दुसऱ्या नसल्या तर पहिल्याच मृत्यूस कारण होतात. ही गोष्ट ‘प्रतिकारशक्ति’ ह्या शब्दांत कोठें तरी मावते काय? शक्तीला कमी आणि अधिक एवढींच दोन मापें. आवर हें तिचें माप नव्हेच. किल्ल्याच्या रूपकांतहि शिपायांना थोपविणारा मनुष्य एक तर फितूर ठरतो किंवा भित्रा. शब्द व रूपक दोन्ही येथें उणीं पडतात.

येथें आमच्यावर उलट आक्षेप येण्याचा संभव आहे. प्रतिकार वाढवा म्हणणें जर एकांगी, तर प्रतिकार दडपा म्हणणें तितकेंच एकांगी नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आणि ह्या बाबतींत शास्त्रीय बातम्या लिहिणाऱ्यांचाहि कान धरणें अवश्य आहे. ‘मधुमेहावर उपाय सांपडला’ असा मोठा मथळा द्यावयाचा आणि तो उपाय उंदरांत सांपडला हें चौथ्या परिच्छेदांत सांगावयाचें, ही रीत आपल्याकडे फार बोकाळली आहे. जपानांत उंदरांची एक जात पैदा झाली, तिचें वर्णन सन १९८० मध्यें प्रसिद्ध झालें. नॉड ह्या नांवानें ती ओळखली जाते. तिच्यांतील बहुसंख्य माद्यांना कांहीं न करितां, आपल्याच प्रतिकारामुळें, मधुमेह होतो. ह्या उंदरांत तो टाळण्याचे शंभराहून अधिक उपाय यशस्वी झाले आहेत! त्यांपैकीं माणसांच्या उपयोगीं पडले ते बोटांवर मोजण्याइतकेहि नाहींत. शिवाय ह्या उंदरांना जितकें स्वच्छ ठेवावें तितका त्यांना रोग अधिक, आणि जंतूंच्या सहवासांत ते वाढले तर कमी. निर्जंतुक पिंजऱ्यांतील उंदरावरून धुळीमातींत वाढलेल्या माणसाचें अनुमान काढतांना म्हणूनच जपावयास हवें.

सायक्लोस्पोरिन ह्या औषधानें नॉड उंदरांचा मधुमेह टळला. नव्यानें मधुमेह झालेल्या माणसांना तें देऊन पाहिलें, त्याचा फ्रान्समधील अनुभव सन १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. औषध चालू होतें तोंवर कित्येकांचा रोग मागें हटला, पण तें थांबवितांच तो परते, आणि चालू ठेवावें तर मूत्रपिंडास धोका. ह्याहून दारुण गोष्ट लंडनमधील. आवरणाऱ्या पेशी वाढविण्याच्याच उद्देशानें तयार केलेलें एक औषध, जनावरांत निर्धोक ठरल्यावर, सन २००६ च्या मार्च महिन्यांत सहा निरोगी तरुणांना टोंचण्यांत आलें. मात्रा जनावरांना सोसलेल्या मात्रेच्या पांचशेंव्या हिश्श्याइतकी अल्प. तरीहि थोड्या तासांत साही जण मरणाच्या दारीं पोंचले; जें आवरण्यासाठीं दिलें त्यानें प्रतिकाराचें वादळच उठविलें. सुदैवानें सर्वांचे प्राण वांचले.

मग उंदरांची साक्ष खोटीच म्हणावी काय? तसेंहि नाहीं. सन १९९४ मध्यें पॅरिस येथें ल्युसिएन शातनू ह्या विदुषीनें टी-पेशींवर बसणारें एक प्रतिद्रव्य नॉड उंदरांना थोडेच दिवस देऊन नुकताच सुरू झालेला मधुमेह परतविला. त्याच विचारसरणीचें टेप्लिझुमॅब हें औषध पुढें, मधुमेह होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना देण्यांत आलें. सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, ७६ जणांवरील परीक्षेंत त्यानें रोग सरासरी दोन वर्षें लांबविला, आणि सन २०२२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. उंदरापासून माणसापर्यंत अठ्ठावीस वर्षें, आणि पदरीं पडलीं तीं दोन वर्षें. ज्या घरांत लहान मुलाला रोज सुई टोंचावी लागते त्या घराला ह्या दोन वर्षांचें मोल विचारावें.

आपल्या देशाला तर एक जास्तीची सावधगिरी अवश्य आहे. आमवातावर जीं नवीं औषधें दाहकारक द्रव्य अडवितात, तीं घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याचा वृत्तान्त सन २००१ मध्येंच अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. क्षयाचे जंतु पुष्कळ माणसांच्या शरीरांत वर्षानुवर्षें कोंडलेले असतात; आवर बेतशीर न ठेवितां घातला तर त्यांचें कुलूप निघतें. म्हणून अशीं औषधें देण्यापूर्वीं क्षयाची तपासणी करतात. शेजारणीला भीति घालणारा गृहस्थ अगदींच निराधार बोलला, असें म्हणतां येत नाहीं. त्यानें अर्धें सत्य सांगितलें, आणि उरलेलें अर्धें सांगण्यास त्याच्यापाशीं शब्द नव्हता.

उरलेल्या अर्ध्या सत्याचें उदाहरण विदर्भाला नवें नाहीं. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ह्या संस्थांमुळें कुष्ठरोगावर मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें, आणि त्यांतील करुणा खरी आहे. परंतु त्या लेखनांत बोटें ‘जंतूंनीं खाल्लीं’ असाच सूर वारंवार लागतो. वास्तविक कुष्ठांत मज्जातंतूंची जी नासाडी होते तिच्यांतील मोठा वांटा शरीराच्या स्वतःच्या खवळण्याचा असतो. जंतु मारणारीं औषधें चालू असतांनासुद्धां हा प्रक्षोभ उठतो. तेव्हां त्या औषधांबरोबरच दाह आवरणारें प्रेडनिसोलोन वेळेवर दिलें तर हातापायांची संवेदना वांचूं शकते. येथें प्रतिकार आवरणें म्हणजेच रोग्याचा हात राखणें होय. ज्या प्रदेशानें हा रोग इतक्या जवळून पाहिला त्या प्रदेशाच्या भाषेंत तरी ह्या गोष्टीस सरळ शब्द असावयास हवा होता.

असा शब्द व असा दृष्टांत शोधण्यास आम्हांस गांवाबाहेरहि जावें लागलें नाहीं. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनीं बांधलेले, मालगुजारांच्या काळांत नांवारूपास आलेले हे तलाव आतां माजी मालगुजारी म्हणून ओळखले जातात. तलावाचें बळ पाळीत, असें बाहेरच्या माणसाला वाटतें. शेतकऱ्याला ठाऊक असतें कीं पाळ कितीहि उंच केली तरी सलंग नसेल तर पहिल्या मोठ्या पावसांतच ती फुटेल. सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जाण्यासाठीं मुद्दाम ठेविलेला सांडवा. तो तलावाचा कमकुवतपणा नव्हे. तलावाचें आयुष्य त्याच्यावर अवलंबून असतें. आमवातांत हा सलंग बुजलेला असतो. मेथोट्रेक्सेटसारखें औषध म्हणजे तुडुम उघडून पाण्याची पातळी उतरविणें. पाळ वांचते, पण उघडें किती ठेवावें ह्यावर नजर हवी, नाहीं तर पुढें धानाला पाणी उरत नाहीं. आणि पुण्याच्या उंदरांत जें साधलें तें बुजलेला सलंग मोकळा करण्याच्या जातीचें होतें. हा दृष्टांतहि पूर्ण नाहीं. पाण्याला आपलें व परकें कळत नाहीं, पेशींना तें ओळखावें लागतें. तथापि ‘अधिक म्हणजे चांगलें’ हा भ्रम त्यानें तुटतो, आणि आम्हांस तेवढेंच हवें होतें.

ह्यावरून आमची सूचना अशी. ‘प्रतिकारशक्ति’ हा शब्द आतां भाषेंतून जाणार नाहीं, आणि त्यास हांकून देण्याचा आग्रहहि आम्ही धरीत नाहीं. परंतु ज्यांना शास्त्रावर लिहावयाचें आहे त्यांनीं ‘प्रतिकारव्यवस्था’ म्हणावें. व्यवस्था बिघडूं शकते, नीट लावतां येते, आणि ती ‘वाढवा’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘स्वयंप्रतिकार’ ह्याच्या जागीं ‘स्वविरोधी प्रतिकार’ लिहिल्यास वाचक निदान दचकेल तरी. आणि औषध ‘प्रतिकारशक्ति मारतें’ किंवा ‘दडपतें’ असें न लिहितां ‘प्रतिकार आवरतें’ असें लिहावें. ‘आवर’ हा घरगुती शब्द आहे. रागाला, हाताला, पोराला आवर घालावयाचा असतो तो त्यांचा नाश करण्यासाठीं नव्हे, हें प्रत्येक आईला कळतें.

शेजारच्या बाईंना आम्ही ह्यांतलें फारसें कांहीं सांगितलें नाहीं. उंदरांची हकीकत तर मुळींच नाहीं. सलंगाची गोष्ट मात्र त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या, आणि शेवटीं म्हणाल्या, “मंग हे डाक्टरनं आंधीच काहून नाही सांगतलं?” दुसऱ्या दिवशीं त्या भंडाऱ्याच्या मोटारींत बसल्या. गोळी पुनः द्यावयाची कीं नाहीं, किती द्यावयाची, रक्त केव्हां तपासावयाचें, हें ठरविणें डॉक्टरांचें काम, आणि तें त्यांनीं केलें. बाईंच्या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्हां लिहिणाऱ्यांकडून येणें आहे, आणि तें पुष्कळ दिवस थकलें आहे.